गावातलाच बातमीदार, गावातलीच बातमी: बाजू न घेता बातमीची कॉपी कशी लिहायची

देवगड, राजापूर, गुहागर, मुरुड अशा कुठल्याही तालुक्यात नव्याने काम सुरू करणाऱ्या बातमीदाराला "तटस्थ राहा" एवढंच सांगून सोडलं जातं. पोहता न येणाऱ्याला खाडीत ढकलून "बुडू नकोस" म्हणावं, तसलाच हा सल्ला. सरपंच शाळेतला वर्गमित्र असतो. ज्या चिरेखाणीविरुद्ध तक्रार आलीय तिचा मालक दर दिवाळीला पानभर जाहिरात देतो. ठेकेदाराच्या डंपरवर चुलतभाऊ चालक असतो आणि मोर्चा काढणाऱ्या मंडळाची वर्गणी दरवर्षी तुमच्याच घरातून जाते. अशा माणसाला मत नसणार, हे शक्यच नाही. त्यामुळे मन तटस्थ करण्याच्या नादाला लागू नका. कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, असा करा, की तुमचं मन कुठल्या बाजूला आहे हे ठाऊक असलेल्या माणसालाही त्यातलं एक वाक्य खोडता येऊ नये. ती रीत शिकता येते आणि खाली तीच सांगितली आहे.

सुरुवातीला नात्यांची यादी

कामाच्या पहिल्याच आठवड्यात एक कागद घ्या आणि त्यावर तुमचे स्वतःचे धागे लिहा: जमीन कुठे आहे, वाडी कुठली, देवस्थानच्या कमिटीत घरातलं कोण आहे, पतसंस्थेचं कर्ज आहे का, कुठल्या पक्षाचं काम कधी केलं होतं, जाहिराती कोणाकडून येतात. कागद कुणाला दाखवायचा नाही. या यादीतलं नाव बातमीत आलं की डेस्कला, म्हणजे कॉपी तपासून पान लावणाऱ्या संपादकीय विभागाला, आधी फोन करून सांगायचं: "यात माझा मेहुणा आहे." शक्य असेल तर बातमी शेजारच्या तालुक्याच्या बातमीदाराकडे द्या. बहुतेक वेळा ते शक्य नसतं. मग निदान उपसंपादकाला माहीत असू द्या, म्हणजे तो कॉपी जास्त कडक नजरेने वाचेल. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे नातं लपवायचं आणि भरपाई म्हणून नातेवाइकावर मुद्दाम कठोर लिहायचं. तोही पक्षपातच, फक्त उलट्या दिशेचा.

दुसरं काम तीन महिन्यांनी करायचं. स्वतःच्या शेवटच्या वीस बातम्या काढा आणि कोणाकोणाची विधानं घेतलीत ते मोजा. बायका किती, मागच्या वाडीतले किती, बौद्धवाडी, कोळीवाडा, मोहल्ला, धनगरवाडा इथले किती, मजूर किती. पहिल्यांदा मोजणाऱ्याच्या वहीत बहुधा तीच सहा-सात माणसं फिरताना दिसतात: सरपंच, माजी सभापती, व्यापारी संघाचा अध्यक्ष, एक प्राचार्य. त्यांचे नंबर मोबाइलमध्ये असतात आणि ते लगेच फोन उचलतात, एवढंच त्याचं कारण. पण त्यामुळे "गावाचं मत" म्हणून छापलेलं मत गावाच्या एकाच आळीचं ठरतं.

याच जातीची खास कोकणी चूक म्हणजे मुंबईकर मंडळाचं प्रसिद्धिपत्रक. "ग्रामस्थांचा तीव्र विरोध" असं शीर्षक असतं, सही परळच्या किंवा दादरच्या खोलीत झालेली असते. चाकरमान्यांना मत आहे, जमिनीत हिस्साही आहे. त्यांचं मत जरूर छापा, पण "मुंबईतील ग्रामस्थ मंडळाने" असं लिहून. गावात राहणाऱ्यांना वेगळं विचारा.

वहीचा समास

वहीत डावीकडे दोन बोटं समास सोडा. लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा. स्वतः पाहिलं तर "प". ऐकलं तर "ऐ", आणि सांगणाऱ्याने स्वतः पाहिलंय की त्यालाही दुसऱ्याने सांगितलंय यावरून "ऐ१" किंवा "ऐ२". कागदावरून घेतलं तर "का". कॉपी लिहून झाल्यावर याच खुणा वाक्यांवर लावा. ज्या वाक्याला खूण लागत नाही ते तुमचं स्वतःचं आहे, ते काढा. "ऐ२" वर उभं असलेलं वाक्य एक तर "ऐ१" पर्यंत न्या, नाहीतर तेही काढा.

एक उदाहरण जवळून पाहू. त्यातलं पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला वेढून खालून आवळायचं मोठं जाळं. नोव्हेंबरातली सकाळ, फोन येतो: "रात्री पर्ससीनवाल्यांनी आमची जाळी तोडली, लवकर या." जेटीवर पोचेपर्यंत चाळीस माणसं जमलेली असतात, सगळी एकदम बोलत असतात. नवा माणूस तासाभरात अशी कॉपी पाठवतो:

"परप्रांतीय पर्ससीनधारकांनी पुन्हा एकदा धुडगूस घालत गरीब मच्छीमारांची लाखो रुपयांची जाळी उद्ध्वस्त केली. मत्स्य विभाग मात्र सुस्त आहे. या प्रकाराने किनारपट्टीवर संतापाची लाट उसळली आहे."

आता खुणा लावून बघा. "परप्रांतीय": नौकेचा नोंदणी क्रमांक कोणी वाचला का? "पर्ससीन": जाळं कोणी पाहिलं, की नुसते दिवे दिसले? दिवे असले तर ते मासे ओढून घेणारे एलईडीचे झोत होते, की डेकवरचा साधा उजेड? "पुन्हा एकदा": मागची वेळ कुठली, तिची तक्रार नोंदली होती का? "धुडगूस", "गरीब", "सुस्त" ही बातमीदाराची मतं. "लाखो" हा आकडाच नव्हे. "संतापाची लाट" म्हणजे जेटीवरची चाळीस माणसं. तीन वाक्यांत "प" लागतो तो फक्त जाळी फाटली आहेत एवढ्याला.

इथे विषयाची माहिती नसली तर प्रामाणिक माणूसही एका बाजूला घसरतो. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. पर्ससीनवर सरसकट बंदी नाही. ५ फेब्रुवारी २०१६ च्या राज्याच्या आदेशाने तिच्यावर मर्यादा घातल्या, पण परवाना असलेल्या नौकांना हंगामाचे काही महिने मोकळे ठेवले. नोव्हेंबर त्यांपैकीच. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्याच्या आत दुसऱ्या राज्याची नौका मासे मारत असेल तर "घुसखोरी" हा शब्द बरोबर. पंधरा मैलांवर असेल तर तो शब्द चूक, मग जेटीवर कितीही जण तो वापरोत. म्हणून पहिला प्रश्न "काय झालं" हा नको, "कुठे" हा हवा. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, किती वाव (खोलीचं माप) पाण्यात होता ते विचारा, होडीवर जीपीएस असेल तर त्यातली नोंद बघून उतरवून घ्या. जाळ्याची कड सरळ कापलेली आहे की ताणून फाटलीय याचा जवळून फोटो काढा. निष्कर्ष मात्र पंचनाम्यावर सोडा.

मग कॉपी अशी होते:

"बंदरापासून सुमारे आठ सागरी मैलांवर मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास एका मोठ्या नौकेने आमची जाळी ओढत नेली, अशी तक्रार चार मच्छीमारांनी बुधवारी मत्स्य विभागाकडे दिली. नौकेवर प्रखर दिवे होते, क्रमांक वाचता आला नाही, असे त्यांनी सांगितले. अकरापैकी सात जाळी फाटलेल्या अवस्थेत जेटीवर होती. नुकसान दोन लाख ऐंशी हजार रुपयांचे असल्याचा तक्रारदारांचा अंदाज आहे. दुपारपर्यंत पंचनामा झाला नव्हता. त्या रात्री आमच्या सभासदांची एकही नौका त्या भागात नव्हती, असे पर्ससीन नौकामालकांच्या प्रतिनिधीने सांगितले. विभागाची गस्ती नौका मंगळवारी समुद्रात गेली नव्हती, अशी नोंद आहे."

शेवटचं वाक्य नीट बघा. "विभाग सुस्त आहे" म्हटलं तर अधिकारी हसून सोडून देईल. गस्ती नौकेची नोंदवही पाहून लिहिलेलं वाक्य त्याला सोडता येत नाही. विशेषण काढलं की कॉपी फिकी होते अशी भीती नव्यांना वाटते, पण विशेषणाच्या जागी नोंद घातली की ती उलट झोंबते.

आणि बाजू दोनच नसतात. या एका बातमीत पाण्यात उभी जाळी लावणारे गिलनेटवाले आहेत, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर आहेत, पर्ससीनचे मालक आहेत आणि त्यांच्या नौकांवरचे खलाशी आहेत, ज्यांना जाळं कुठे टाकायचं हे विचारलंही जात नाही. लिलावात मासळी घेणाऱ्या बायका आहेत, विभाग आहे. "दोन्ही बाजू घेतल्या" म्हणून समाधान मानणारा बातमीदार बहुधा दोन सर्वांत मोठ्या आवाजांना घेऊन परत आलेला असतो.

दोन बाजूंच्या मागे लपू नका

याच्या उलटी चूक म्हणजे जे स्वतः जाऊन बघता येतं तेही दोन विधानांत वाटून टाकणं. ठेकेदार म्हणतो या टप्प्याचं काम ऐंशी टक्के झालं, संघर्ष समिती म्हणते निम्मंही नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या अशा किती बातम्या छापून आल्या असतील, मोजदाद नाही. गाडी काढा. टप्प्याच्या पहिल्या किलोमीटर दगडापासून शेवटच्यापर्यंत जा. किती अंतर चौपदरी वाहतुकीला खुलं आहे, कुठे एकच बाजू झाली आहे, कोणत्या पुलाचे नुसते खांब उभे आहेत, हे प्रत्येक किलोमीटरला लिहा. चाळीस किलोमीटरचा टप्पा अर्ध्या दिवसात होतो. मग "दोघांचे दावे असे, प्रत्यक्षात ४० पैकी इतके किलोमीटर खुले" असं लिहा. जे मोजता येतं ते न मोजता दोन्ही बाजू छापणं ही तटस्थता नाही, आळस आहे.

मराठी भाषाच बाजू घेते, ती अशी

आदरार्थी बहुवचन हा आपल्या बातम्यांतला सर्वांत जुना पक्षपात. "आमदारांनी सांगितले" आणि "मजुराने सांगितले". "उद्योजक म्हणाले" आणि "रिक्षाचालक म्हणाला". दोघांची वयं सारखी असतात. नियम सोपा ठेवा: प्रौढ व्यक्तीला आदरार्थी, मग ती कोणीही असो. संशयित आरोपीबद्दल प्रत्येक दैनिकाची पद्धत वेगळी. बहुतेक ठिकाणी एकवचन चालतं. आमच्या मते गुन्हा सिद्ध होईपर्यंत तिथेही आदरार्थीच हवं. पण निदान एक करा, गरीब संशयिताला "तो" आणि बँक बुडवणाऱ्या संचालकांना "ते" असं एकाच पानावर येऊ देऊ नका. असंच बायकांचं. पुरुषाला आडनावाने आणि बाईला नुसत्या नावाने संबोधायची सवय मोडा.

कर्मणी प्रयोग कर्त्याला पळवून लावतो. "झाडे तोडण्यात आली." कोणी? "लाठीमार करण्यात आला." कोणी, कोणाच्या आदेशाने? प्रसिद्धिपत्रकं या प्रयोगाने भरलेली असतात, ती जशीच्या तशी उतरवली की सरकारी खात्याची बाजू आपोआप छापली जाते. "ण्यात आले" दिसलं की कर्ता शोधा. सापडला नाही तर तोच प्रश्न घेऊन फोन करा.

क्रियापदांचं वजन वेगवेगळं असतं. "सांगितले" आणि "म्हणाले" हलकी, बिनधोक. "कबूल केले" म्हणजे काहीतरी लपवलेलं होतं. "स्पष्ट केले" म्हणजे तो बोलला ते खरंच आहे अशी तुमची सही. "दावा केला" मध्ये शंका आहे. ती एका बाजूला लावून दुसऱ्या बाजूला "स्पष्ट केले" लावलं की निकाल देऊन मोकळे. "सूत्रांनी सांगितले" तालुक्याच्या पातळीवर जवळजवळ कधीच लागत नाही. "नागरिकांतून नाराजी व्यक्त होत आहे", "एकच खळबळ उडाली आहे", "सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे", ही तीन वाक्यं वर्षभर स्वतःला बंद करून बघा. त्यांच्या जागी कोण, किती जण, कुठे हे लिहावं लागेल, किंवा काहीच लिहावं लागणार नाही.

लेबलांचंही तसंच. "विकासविरोधी", "दलाल", "बाहेरचे आंदोलक", "प्रकल्पसमर्थक मूठभर" ही सगळी कोणाच्या तरी तोंडची नावं आहेत. अवतरणात, बोलणाऱ्याच्या नावानिशीच ती यावीत.

आकडे आणि पाऊस

गर्दीचा आकडा आयोजक सांगतील तो त्यांचा, पोलीस सांगतील तो पोलिसांचा. तुमचाही एक काढा. मैदान पावलांनी मोजा. माणसं मोकळी उभी असतील तर माणशी साधारण १ चौरस मीटर लागतो, खांद्याला खांदा लागत असेल तर ०.४. म्हणजे ३० बाय २० मीटरची जागा भरली तर ६०० ते १,५००. "हजारोंचा जनसागर" तिथे मावतच नाही.

पावसाच्या शब्दांत तर माणसं सुटतात आणि अडकतात. कोकणात जरा नेटाने पाऊस झाला की मथळा येतो "ढगफुटी". हवामान खात्याच्या व्याख्येत ढगफुटी म्हणजे साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर भागात तासाभरात १०० मिलिमीटर. चोवीस तासांत ६४.५ पासून ११५.५ पर्यंत जोरदार, २०४.४ पर्यंत अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. दिवसभरात २५० मिलिमीटर पडला तर तो अत्यंत जोरदार पाऊस, ढगफुटी असेलच असं नाही. हा फरक पंतोजीचा वाटेल, पण "ढगफुटी" लिहिताक्षणी नाल्यावर बांधलेली इमारत, न काढलेला गाळ, धरणातून सोडलेलं पाणी हे सगळे निर्दोष सुटतात. दोष आभाळाला जातो. तसंच कसलेही कागद न पाहता "धरणाचं पाणी सोडल्यामुळेच पूर" लिहिलं की दोष दुसऱ्याच कुणाला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा दोन्ही प्रकारची वाक्यं सर्रास फिरत होती. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. त्यामुळे अशा वेळी तीन कागद शेजारी मांडायचे: मंडलनिहाय पावसाचे आकडे, विसर्गाची तासातासाची नोंद आणि भरतीची वेळ. तिन्ही हातात नसतील तर कारण लिहू नका, पाणी कुठे किती वाजता किती चढलं ते लिहा.

मंत्र्याचं विधान कसं हाताळायचं याचं उदाहरणही चिपळूण तालुक्यातलंच आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांमुळे गळती झाल्याचं सांगितलं. "खेकड्यांमुळे धरण फुटले" हा मथळा, आणि "खेकड्यांमुळे धरण फुटले: मंत्र्यांचे विधान" हा मथळा, यांत दोनच शब्दांचा फरक, पण पहिल्यात वर्तमानपत्र स्वतः साक्षीदार होतं. आणि दुसराही पुरेसा नाही. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी कधी दिल्या, दुरुस्तीची नोंद काय, हे त्याच बातमीत हवं. मृतांचा आकडा अशा रात्री दर दोन तासांनी बदलतो, म्हणून आकड्यासोबत वेळ आणि सांगणारं खातं लिहायलाच हवं.

प्रकल्पाची बातमी

जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणारची, मग बारसूची तेल रिफायनरी: किनाऱ्यावरच्या बातमीदाराची खरी परीक्षा इथेच होते. पर्यावरणविषयक जनसुनावणी असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी सूचना निघते आणि अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो. तो आधी वाचून जा. सुनावणीत मतदान नसतं. "जनसुनावणीने प्रकल्प फेटाळला" किंवा "मंजूर केला" हे दोन्ही चूक. गोंधळाचे फोटो मिळाले की बातमीदार उठतात. उठू नका. शेवटी मांडलेल्या मुद्द्यांचं इतिवृत्त वाचून दाखवायचं असतं. कुठली हरकत त्यात आली आणि कुठली गळाली, ही दुसऱ्या दिवशीची खरी बातमी.

ग्रामसभेच्या "एकमताच्या" ठरावालाही हात लावून बघा. गणपूर्तीला, म्हणजे सभेच्या किमान उपस्थितीला, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणून हजेरीच्या सह्या मोजा, सभा मूळ की तहकूब ते पाहा आणि आकडा कॉपीत घाला. "एकमताने" ऐवजी "उपस्थित ६४ जणांच्या सभेत" असं लिहिलं की वाचक आपलं आपण ठरवतो.

जमिनीच्या व्यवहाराचे आरोप सातबारा आणि फेरफार पाहिल्याशिवाय छापू नका. खरेदी कधीची, प्रकल्पाची घोषणा कधीची, या दोन तारखा शेजारी ठेवा आणि थांबा. कागद मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, मजकूर १५० शब्दांत, एकच विषय, उत्तराला ३० दिवस. "का केलं" असं विचारू नका, "अमुक कागदाची प्रत द्या" असं मागा.

एक गोष्ट हलकी घेऊ नये. राजापुरात ६ फेब्रुवारी २०२३ ला पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरीसंबंधीची त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. जोखमीच्या बातमीचे कागद एकट्याच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. डेस्कला प्रत द्या, कुठे कोणाला भेटायला जाताय ते कळवून जा. आणि अशा घटनेतही पहिल्या काही तासांत "अपघात" किंवा "खून" यांतला शब्द स्वतः निवडायचा नाही. काय घडलेलं दिसलं आणि कुठल्या कलमाखाली गुन्हा नोंदला, एवढंच लिहायचं.

उत्तराची संधी

ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापण्याआधी विचारायचंच. नुसता फोन करून "तुमची प्रतिक्रिया?" असं नाही, नेमके प्रश्न मेसेजवर लिहून, किती वाजेपर्यंत उत्तर हवं ते सांगून. रोजच्या बातमीला निदान तीन-चार तास, कागदांवरच्या मोठ्या बातमीला दोन दिवस. संध्याकाळी सातला फोन करून साडेसातला पान लावणं ही संधी नव्हे. फोनच्या वेळा वहीत लिहा. उत्तर नाही आलं तर "दोनदा फोन केला, मेसेज पाठवला, बातमी छापायला जाईपर्यंत उत्तर आले नाही" असं लिहा. "उत्तर देण्याचे टाळले" लिहू नका. तो त्या वेळी दवाखान्यात असू शकतो, आणि कोकणात रेंज हाही एक पक्षकार असतो.

जाहिरात, दौरा, पाकीट

तालुक्याच्या बातमीदाराला मानधन थोडं आणि जाहिरातीचं टार्गेट मोठं, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याच्या वाढदिवसाची पुरवणी तुम्ही काढली त्याच्या ठेक्याची बातमी तुम्ही करणार, ही अडचण तुमच्या स्वभावाची नाही, व्यवस्थेची आहे. तरी दोन गोष्टी तुमच्या हातात राहतात. एक, पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर "जाहिरात" हा शब्द दिसेल एवढा मोठा असावा. दुसरी, जाहिरातदाराची बातमी आली की डेस्कला तसं सांगावं. निवडणुकीत तर पैसे घेऊन बातमी छापणं जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीपुढे जाऊ शकतं आणि तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. कंपनीच्या खर्चाने प्रकल्प बघायला गेलात तर बातमीत एक ओळ घाला: "हा दौरा कंपनीने आयोजित केला होता." पाकिटाबद्दल वेगळं सांगायला नको.

आपला वारसाही थोडा आठवा. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचा 'केसरी' १८८१ चा, तो उघडउघड मतपत्र होता. मत असण्यात कमीपणा नव्हता आणि नाही. स्तंभ लिहा, अग्रलेख लिहा. अडचण येते ती मत बातमीच्या रकान्यात वेश बदलून आलं की.

गुन्हा आणि बुडालेले पर्यटक

पोलिसांची पत्रकार परिषद म्हणजे फिर्यादी पक्षाची बाजू, पूर्ण घटना नव्हे. प्रथम माहिती अहवाल वाचा. संवेदनशील गुन्हे वगळता तो पोलिसांच्या संकेतस्थळावर असतो. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं आणि गुन्ह्याशी संबंध आलेल्या कुठल्याही बालकाचं नाव, गाव, शाळा, नातेवाइकाचं नाव छापता येत नाही. छोट्या गावात "वाडीतल्या किराणा दुकानदाराची मुलगी" एवढं लिहिलं तरी ओळख फुटते.

समुद्रात कोणी बुडालं की "अतिउत्साह नडला" हा मथळा तयारच असतो. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही. किनाऱ्यावर जीवरक्षक होता का, धोक्याची पाटी कुठे होती, भरती किती वाजता होती, आधी कोण कधी बुडालं होतं, हे बघून मग लिहा.

पाठवण्याआधी, आणि छापल्यानंतर

कॉपी एकदा नावं उलटून वाचा: सत्ताधाऱ्याच्या जागी विरोधक, आपल्या वाडीच्या जागी दुसरी वाडी. एखादा शब्द तेव्हा खटकला तर तो आधीही चूकच होता. मथळा डेस्क देतो, म्हणून कॉपीच्या खाली दोन मथळे सुचवून ठेवा. छापलेला मथळा कॉपीच्या पलीकडे गेला असेल तर त्याच सकाळी फोन करा, कारण गावात शिव्या तुम्हालाच पडणार आहेत.

चूक झालीच तर दुरुस्ती त्याच पानावर, आडपडदा न ठेवता. पोर्टलवर किंवा यूट्यूबवर गुपचूप मजकूर बदलू नका. लोकांकडे स्क्रीनशॉट असतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ज्या ग्रुपवर बातमी टाकली, दुरुस्तीही त्याच ग्रुपवर टाका. मजकूर असा: "गुरुवारच्या अंकात फाटलेल्या जाळ्यांची संख्या अकरा छापली होती. ती सात आहे." "नजरचुकीने", "तांत्रिक कारणाने" वगैरे काही जोडायचं नाही.